ताटाची डावी बाजू वाढवताना: कच्च्या भाज्या आणि रसांची सुरुवात कशी करावी

मराठी ताटाला डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात. उजवीकडे भाजी आणि आमटी, तर डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर वाढली जाते. कच्च्या भाजीला आपल्या जेवणात अशी ठरलेली जागा पिढ्यान्‌पिढ्या आहे. अडचण एवढीच, की आता ती चमचाभर उरली आहे. म्हणून ज्यांना रोजच्या आहारात कच्च्या भाज्या आणि भाज्यांचे रस आणायचे आहेत, त्यांनी रसाचे यंत्र विकत घेण्यापासून सुरुवात करू नये, तर चमचाभर कोशिंबिरीची वाटीभर कोशिंबीर करण्यापासून करावी, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

मी स्वतः मात्र उलट्या क्रमाने सुरुवात केली होती. सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्या पुणेकरांना पायथ्याशी उभ्या असलेल्या दुधी, कारले, आवळा आणि गव्हांकुराच्या रसाच्या गाड्या चांगल्या परिचयाच्या आहेत. ते पाहून मी घरी पालक, बीट आणि गाजराचा मोठा पेलाभर रस रोज उपाशीपोटी घेऊ लागलो. दोन आठवड्यांत पोट फुगू लागले, अकरा वाजताच कडकडून भूक लागू लागली आणि दुपारच्या जेवणात पोळ्या पूर्वीपेक्षा वाढल्या. शेवटी एका आहारतज्ज्ञ बाईंनी मला एकच प्रश्न विचारला: “रस राहू द्या, दिवसभरात भाजी किती ग्रॅम खाता?” मला उत्तर देता आले नाही. सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

पहिली पायरी: आज आपण किती खातो ते मोजावे

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये, दिवसाला साधारण 2000 किलोकॅलरी आहार घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी पालेभाज्या धरून 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे सांगितली आहेत. या 400 ग्रॅममध्ये बटाटा धरायचा नसतो, हे लक्षात ठेवावे. आठवडाभर स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवून आपल्या वाट्याला येणारी भाजी मोजली, तर बहुतेकांना आपण निम्म्याच्या आसपास असल्याचे दिसेल. वाटीभर कोशिंबीर भरते साधारण 100 ते 120 ग्रॅम. म्हणजे दोन्ही जेवणांत एक एक वाटी कोशिंबीर आणि त्याबरोबर नेहमीची शिजलेली भाजी थोडी वाढवून घेतली, की कोणतेही यंत्र न घेता आपण त्या आकड्याजवळ पोहोचतो.

सगळ्या भाज्या कच्च्याच खाव्यात, असा आग्रह मात्र धरू नये. क जीवनसत्त्व आणि फोलेट ही उष्णतेने कमी होणारी आणि पाण्यात उतरणारी जीवनसत्त्वे आहेत, म्हणून ती कच्च्या भाजीतून चांगली मिळतात. कोबी आणि मुळा यांच्या तिखटसर वासामागे जी संयुगे असतात, ती तयार करणारे विकरही (एन्झाइम) शिजवल्यावर निकामी होते. याउलट गाजरातील बीटा कॅरोटिन आणि टोमॅटोतील लायकोपिन ही द्रव्ये भाजी थोड्या तेलात शिजवल्यावर शरीराला अधिक मिळतात. म्हणून निम्मी भाजी कच्ची आणि निम्मी शिजवलेली, ही विभागणी सर्वांत सोयीची ठरते. ब12 जीवनसत्त्व कोणत्याही भाजीत नसते, त्यामुळे शाकाहारी माणसाने दूध, दही, ताक यांना रसाचा पर्याय समजून ते बंद करू नये.

दुसरी पायरी: बाजारहाट

पुण्यात ताज्या भाजीची वानवा नाही. 1886 मध्ये बांधून झालेली महात्मा फुले मंडई आजही शहराच्या मध्यभागी आहे, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पुरंदर, जुन्नर, खेड, हवेली अशा तालुक्यांतून माल येतो आणि उपनगरांत ठिकठिकाणी आठवडी बाजार भरतात. कच्चे खायचे असेल, तेव्हा दोन-तीन दिवसांपुरतेच आणावे. आठवड्याची भाजी एकदम भरून ठेवण्याची सवय शिजवण्यासाठी चालते, कोशिंबिरीसाठी चालत नाही.

काकडी हाताला कडक आणि बेताच्या आकाराची घ्यावी, कारण मोठ्या काकडीत बिया जून झालेल्या असतात. मुळा पाल्यासकट घ्यावा. पाला टवटवीत असेल, तर मुळा ताजा असतो आणि तो पाला भाजीला येतो. हिवाळ्यात गाजर, मुळा, कांद्याची पात, मेथी, ओला हरभरा आणि आवळा यांची रेलचेल असते. नवख्याने सुरुवात करायची, तर कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत चांगला, कारण त्या काळात भाजी गोड असते आणि तिची निवडही मोठी असते. उन्हाळ्यात काकडी, कैरी आणि कांदा यांवर भर द्यावा. पावसाळ्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

वांगे, सुरण, अळू, बटाटा आणि घेवड्यासारख्या शेंगा कच्च्या खाऊ नयेत. मोड आलेले मूग आणि मटकी पौष्टिक असली, तरी मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. म्हणून ती चार-पाच मिनिटे वाफवून मगच कोशिंबिरीत घालावी.

तिसरी पायरी: धुणे

या पायरीवर मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे, कारण बाकी सारे नीट करून इथे घाई केली, तर लाभाऐवजी अपाय होतो.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाणी आणि अन्न यांतून पोटात जाणारा जिवाणू आढळला. त्या दिवसांत अनेक घरांनी कोशिंबीर पूर्णपणे बंद केली, आणि तेव्हा ते योग्यच होते. त्यातून घेण्याचा धडा हा, की कच्ची भाजी ज्या पाण्याने शेवटची धुतली जाते, ते पाणी पिण्याच्या योग्यतेचे असले पाहिजे. आपण जे पाणी उकळून किंवा शुद्ध करून पितो, त्याच पाण्याने शेवटचा हात फिरवावा. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात भाजी धुऊन ती तशीच चिरणे टाळावे.

धुण्याची पद्धत अशी आहे. प्रथम स्वतःचे हात साबणाने धुवावेत आणि विळी किंवा सुरी व पाट स्वच्छ करून घ्यावेत. मांस-मासे कापण्याचा पाट वेगळा असावा. काकडी, गाजर, बीट, मुळा वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावेत, खाचांमधील माती मऊ ब्रशने काढावी आणि सोलायचे असेल, तर धुतल्यानंतर सोलावे, कारण आधी सोलल्यास सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. कोथिंबीर, पुदिना, मेथी निवडून मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवाव्यात, हाताने हलवाव्यात आणि भाजी वरच्या वर उचलून घ्यावी. पातेले भाजीसकट ओतले, तर तळाशी बसलेली माती पुन्हा भाजीवर येते. तळाला वाळूचा एक कणही बोटाला लागेनासा होईपर्यंत पाणी बदलावे. पावसाळी कोथिंबिरीला कधी कधी पाच पाणी लागतात. मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवल्याने अळ्या आणि किडे सुटून येतात, परंतु मिठाने सर्व जंतू मरतात असे समजू नये. साबण किंवा भांड्यांची पावडर भाजीला कधीही लावू नये.

कोबीची गोष्ट वेगळी आहे. त्याची वरची दोन-तीन पाने काढून टाकावीत, गड्डा अख्खा न धुता पाने सुटी करावीत आणि प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी धुवावे. मैल्यामुळे दूषित झालेल्या पाण्यावर वाढलेल्या भाजीतून फीतकृमीची अंडी पोटात गेल्यास त्यांपासून निघालेल्या अळ्या मेंदूपर्यंत जाऊ शकतात, आणि हा आजार आपल्या देशात अपस्माराच्या महत्त्वाच्या कारणांपैकी एक आहे. ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नव्हे; प्रत्येक पान वेगळे धुण्यात जी पाच मिनिटे जातात, ती का द्यायची, हे कळावे म्हणून सांगितली आहे. पावसाळ्यात कोबी आणि पालेभाज्या कच्च्या खाऊच नयेत. आषाढ-श्रावणात सोललेली काकडी, सोललेले गाजर आणि कांदा एवढ्यावर कोशिंबीर भागवावी आणि बाकी भाजी शिजवून खावी.

चौथी पायरी: वाटीभर कोशिंबीर

पहिल्या आठवड्यात फक्त दुपारच्या जेवणात अर्धी वाटी घ्यावी, दुसऱ्या आठवड्यात एक वाटी आणि तिसऱ्या आठवड्यापासून रात्रीही अर्धी वाटी. आतड्यांना तंतुमय पदार्थांची सवय हळूहळू होते. एकदम वाढवले, तर वायू आणि पोटफुगी होते, आणि लोक “मला कच्चे मानवत नाही” असा चुकीचा निष्कर्ष काढून मोकळे होतात. तंतू वाढले की पाणीही वाढवावे लागते. ज्यांना रात्री कच्चे खाल्ल्याने त्रास होतो, त्यांनी रात्रीची वाटी संध्याकाळी सहाच्या सुमारास काकडी-गाजराच्या फोडी म्हणून खावी. दाताखाली चावून खाणे हा या सगळ्याचा अर्धा लाभ आहे, म्हणून सर्व काही बारीक किसून टाकू नये; कोशिंबिरीत निदान एक गोष्ट चोचवलेली किंवा चिरलेली असावी.

सुरुवातीला खमंग काकडी शिकावी. काकडीचे देठाकडचे टोक कापून, त्याच कापलेल्या चकतीने उरलेल्या काकडीचे तोंड चोळून फेस काढण्याची रीत घरोघरी आहे. पण फेस काढला तरी टोकाचा एक तुकडा चाखावा आणि कडू लागली, तर ती काकडी टाकून द्यावी. काकडी चोचवून घ्यावी, तिच्यात दोन चमचे दाण्याचे कूट, चमचाभर ओले खोबरे, चिमूटभर साखर, लिंबू आणि कोथिंबीर घालावी व वरून एक चमचा तेलाची हिंग, जिरे आणि हिरव्या मिरचीची फोडणी द्यावी. मीठ मात्र पानावर बसताना घालावे, नाही तर काकडीला पाणी सुटते आणि ते पाणी ओतून देताना त्यात उतरलेले क जीवनसत्त्वही जाते. या फोडणीकडे तेलकटपणा म्हणून पाहू नये. गाजराच्या पचडीत आणि मेथीच्या घोळाण्यात जे कॅरोटिन असते, ते शोषले जाण्यासाठी जेवणात थोडी स्निग्धता असावीच लागते, आणि ती आपल्याकडे तेलाची फोडणी व दाण्याचे कूट यांतून आपोआप येते. आपल्या आज्यांनी चवीसाठी बसवलेली ही रीत पोषणाच्या हिशेबातही अशी चोख उतरते, याचे मला दर वेळी अप्रूप वाटते.

पुढे मुळ्याचा चटका, कोबीची पचडी, दह्यातली बीटाची कोशिंबीर आणि भाकरीबरोबर मेथीचा किंवा हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा असे एक एक पदार्थ वाढवत न्यावेत. बीट खाल्ल्यावर लघवीला लालसर रंग येऊ शकतो, त्याने घाबरून जाऊ नये. ज्वारी, बाजरी, डाळी आणि पालेभाज्या यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून लिंबू ताटात असतेच तर ते पिळावे. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास हा लाभ बराचसा वाया जातो. चहा तासाभराने घ्यावा.

पाचवी पायरी: रस

महिनाभर वाटीभर कोशिंबीर नियमाने पोटात गेल्यावर रसाकडे वळावे. रस काढताना भाजीतील पाणी, क्षार, रंगद्रव्ये आणि साखर पेल्यात उतरते, तर बहुतांश तंतू चोथ्यात राहतात. माझ्या मिक्सरवर अर्धा किलो गाजरांचा रस जेमतेम सव्वा पेला निघतो. अर्धा किलो गाजरे चावून खायला बसलो तर निम्म्यावरच हात थांबतो, पण रस दोन मिनिटांत पिऊन होतो. पोट भरल्याची जाणीव मागेच राहते आणि साखर लवकर रक्तात पोहोचते. फळांच्या रसातील नैसर्गिक साखरसुद्धा जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेच्याच गटात धरते आणि ही सर्व साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी ठेवण्यास सांगते. यासाठी रसात भाजी मुख्य आणि फळ चवीपुरते असावे, आणि पेला 150 ते 200 मिलिलिटरचा असावा.

यंत्राची घाई नको. जलदगती ज्युसर स्वस्त आणि झटपट असतो. भाजी दाबून रस काढणारा कोल्ड प्रेस महाग, सावकाश आणि धुवायला वेळखाऊ असतो, पण पालेभाजीचा रस त्यात चांगला निघतो. रस काढताक्षणी पिणाऱ्या माणसाला पोषणात या दोहोंत फारसा फरक पडत नाही, असे माझे मत आहे. पहिले तीन महिने घरातला मिक्सर आणि तुळशीबागेत मिळणारी एक बारीक गाळणी किंवा धुतलेले मलमलचे फडके पुरेसे आहे.

सुरुवातीच्या रसासाठी एक मध्यम काकडी, एक लहान गाजर, बीटाच्या दोन पातळ चकत्या, पुदिन्याची सात-आठ पाने आणि बोटाच्या पेराएवढे आले घ्यावे. सर्वांचे लहान तुकडे करून पाव पेला पिण्याच्या पाण्याबरोबर मिक्सर थांबत थांबत फिरवावा, म्हणजे भांडे तापत नाही. फडक्यातून हाताने पिळून घेतल्यावर अर्धे लिंबू पिळावे. मीठ आणि साखर घालू नये. ज्यांना दाट चालते, त्यांनी न गाळताच प्यावे, म्हणजे तंतूही पोटात जातात. हिवाळ्यात यात एक आवळा बी काढून घालावा. मध्यम आकाराच्या एका आवळ्यात प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या क जीवनसत्त्वाची गरज जवळजवळ भागते. रस काढल्यावर लगेच प्यावा. ठेवावाच लागला, तर काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवावा आणि त्याच दिवशी संपवावा. आठवड्यातून तीन-चार दिवस असा पेला पुरे, आणि तो जेवणाऐवजी नव्हे, तर जेवणाच्या जोडीला घ्यावा.

दुधीच्या रसाबद्दल अत्यंत सावध राहावे. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात आणि अशा रसाने उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झालेले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सांगितले आहे, की रस काढण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखावा, कडू असल्यास तो दुधी टाकून द्यावा, त्याचा रस दुसऱ्या रसात मिसळू नये आणि प्यायल्यावर मळमळ किंवा अस्वस्थता वाटल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा. “कडू तितके औषधी” हा समज कारल्याला लागू असेल. दुधीला तो जिवावर बेतू शकतो. गाडीवर तयार मिळणाऱ्या मिश्र रसात ही चव कळत नाही, त्यामुळे दुधीचा रस बाहेर न घेतलेलाच बरा. बाहेर इतर कोणताही रस घेताना तो आपल्यासमोर काढून घ्यावा आणि बर्फ नको म्हणावे. खाण्यास अयोग्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम 2018 पासून आहे, म्हणून निळसर बर्फ दिसला तर तिथून निघावे.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

मूतखडा होऊन गेला असेल, तर पालक आणि बीट यांचा रस घेऊ नये, कारण दोहोंत ऑक्झलेट भरपूर असते. रोज मोठ्या प्रमाणात असा रस घेतल्याने धडधाकट माणसाच्या मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना भाज्यांतील पोटॅशियम मोजून घ्यावे लागते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी हिरव्या पाल्याचे प्रमाण अचानक वाढवू नये, कारण त्यातील के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम कमी होतो. मधुमेहींनी कोशिंबीर जरूर खावी, किंबहुना जेवणाची सुरुवात तिच्याने करावी, परंतु गाजर-बीटाचा गाळलेला रस टाळावा. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना घराबाहेरचा कच्चा रस देऊ नये.

केवळ रसावर काही दिवस राहण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. पुणे जिल्ह्याला निसर्गोपचाराची जुनी परंपरा आहे; उरुळीकांचनचा आश्रम महात्मा गांधींनी 1946 मध्ये सुरू केला आणि मणिभाई देसाई यांनी तो पुढे वाढवला. अशा ठिकाणी रसाहार दिला जातो, तो रुग्णाची तपासणी करून आणि देखरेखीखाली. तो घरी, नोकरी आणि धावपळ सांभाळून, कोणाला न विचारता करू नये.

चोथ्याचे काय करावे

गाजर, काकडी आणि बीट यांचा उरलेला चोथा फेकू नये. त्यात थालीपिठाची भाजणी, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तीळ, ओवा, तिखट आणि मीठ घालून पीठ मळावे. चोथ्यात ओल असते, म्हणून पाणी बेताने घालावे. ओल्या फडक्यावर थापून मध्ये भोके पाडावीत, तव्यावर टाकावे, भोकांतून तेल सोडावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर खरपूस होऊ द्यावे. चोथा त्याच दिवशी वापरावा. फ्रिजमध्ये ठेवला, तरी दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येऊ लागतो.